मौनाचे अठ्ठेचाळीस तास

लोकप्रतिनिधित्वाच्या 1951 च्या कायद्याने मतदारास एक लहानशी देणगी दिली आहे. मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास त्याच्या क्षेत्रात प्रचारसभा भरवू नये, मिरवणूक काढू नये, दूरचित्रवाणीवरून निवडणुकीचा मजकूर दाखवू नये, असे त्याचे 126 वे कलम सांगते. हेतू उघड आहे. एवढ्या कोलाहलानंतर मनुष्याने दोन दिवस स्वस्थपणे विचार करावा.

2024 साली आम्हा अंधेरीकरांच्या वाट्यास हे मौन 18 मेच्या सायंकाळी सहा वाजता आले. नाक्यावरचे कर्णे थांबले. पण घरात? 19 तारखेस फूलपूर येथील राहुल गांधी व अखिलेश यादव यांच्या सभेतील झुंबड. 20 तारखेस, आम्ही मतदान करीत असता, पुरीतील पंतप्रधानांची मिरवणूक! वृत्तवाहिन्यांनी हे सारे दिवाणखान्यात आणून ओतले. त्या दोन्ही ठिकाणी मतदान 25 मे रोजी होते. तेव्हा तेथील प्रचार कायदेशीरच. पण क्षेत्राला सीमा असते, वाहिनीला नसते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तो हा असा!

कोणी म्हणेल, कळ तुमच्या हाती आहे, यंत्र बंद करा. उत्तम! मग नाक्यावरच्या सभेसही ‘न रुचल्यास कान झाका’ हाच न्याय का लावला नाही? कायदा ऐकणारास कान झाकावयास सांगत नाही. बोलणारास थांबावयास सांगतो.

दुसरा आक्षेप वृत्तस्वातंत्र्याचा. वृत्त अवश्य द्यावे. परंतु पुढाऱ्याचे भाषण आरंभापासून अखेरपर्यंत जसेच्या तसे दाखविणे हे वृत्त नव्हे, फुकटचा प्रचार होय. ब्रिटनमध्ये मतदान सुरू होताच सर्व वाहिन्यांवरील निवडणुकीच्या प्रश्नांची चर्चा बंद होते. तेथील स्वातंत्र्य त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले आहे.

आमचे मागणे थोडके आहे. देशात कोठेही मौन चालू असेल, त्या 48 तासांत कोणत्याही पक्षाचे भाषण वा मिरवणूक थेट दाखवू नये. सात टप्प्यांचे मिळून हे अवघे चौदा दिवस.

आमच्या वायव्य मुंबईत 4 जून रोजी रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा पराभव केला, तो 48 मतांनी. ती मते वाहिन्यांनी फिरविली असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु जेथे एका चाळीतील बिऱ्हाडे निकाल पालटू शकतात, तेथे त्या बिऱ्हाडांना दोन दिवसांची शांतता देणे ही चैन नव्हे. ती देणे जमत नसेल, तर ते कलम तरी पुस्तकातून काढून टाकावे.