सल्लागाराने तालीम पाहिली का?

तूट वाढली की विश्वस्तांच्या बैठकीत पहिली कात्री लागते नव्या निर्मितीला, दुसरी जाहिरातीला. भाडं, वीज, लेखापरीक्षण यांना हात लावता येत नाही, म्हणून लोकांना जे दिसतं तेच कापलं जातं. बाहेरून बोलावलेला सल्लागारही बहुधा यावरच शिक्कामोर्तब करतो. कला-संस्था चालवणाऱ्या आणि लोकसंपर्क सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा सल्ला नाकारायला शिकलं पाहिजे. त्यासाठी मायकेल कायझर यांची कारकीर्द बारकाईने पाहण्याजोगी आहे.

कायझर यांना ऑपेरा गायक व्हायचं होतं. ते झालं नाही. एमआयटीत व्यवस्थापन शिकून त्यांनी उद्योगांना सल्ला देणारी कंपनी काढली, पुढे ती विकली आणि कॅन्सस सिटीच्या बॅले संस्थेत कामाला लागले. नंतर अल्विन एली यांची नृत्यसंस्था, अमेरिकन बॅले थिएटर, लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस आणि २००१ ते २०१४ वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर. यातल्या बहुतेक ठिकाणी ते आले तेव्हा संस्था अडचणीत होती.

एली यांच्या संस्थेचं उदाहरण आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८९मध्ये एली वारले, कलादिग्दर्शनाची धुरा जूडिथ जॅमिसन यांच्याकडे आली. कायझर १९९१मध्ये तिथे गेले. संस्था कर्जात असतानाही नृत्य आक्रसू द्यायचं नाही, उलट ते अधिक लोकांच्या डोळ्यांसमोर आणायचं, हे त्यांचं धोरण. १९९३मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीनिमित्तच्या सोहळ्यात ही संस्था नाचली. देणगीदार पुढे येतात ते संस्थेचा जिवंतपणा पाहून, तिची दैना ऐकून नव्हे, हे कायझर यांनी पुढे आपल्या पुस्तकांतूनही सातत्याने मांडलं.

पण एक श्रेय त्यांचं नाही. कॅन्सस सिटीत एली यांच्या संस्थेचं शाळकरी मुलांसाठी सहा आठवड्यांचं उन्हाळी नृत्यशिबिर १९८९मध्येच सुरू झालं होतं, एली हयात असताना. मुलांना व्यावसायिक नर्तक बनवणं हा त्याचा हेतूच नव्हता. वस्तीशी असं नातं आधीपासून असल्यामुळे कायझर यांना लोकांपुढे मांडण्यासारखं काही होतं. कायझर यांनी १९९३मध्ये ही संस्था सोडली, जॅमिसन २०११पर्यंत राहिल्या. लंडनलाही ते जेमतेम दोन वर्षं होते. सल्लागारही असाच जातो, हे गृहीत धरूनच त्याला बोलवावं, आणि त्याचं काम पुढे नेणारा माणूस आधीपासून घरात असावा.

आपल्याकडे अडतं ते इथेच. या माणसाचा पगार कोण देणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची, गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा खर्च तीत मोडत नाही. तरीही ती संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावली जाते आणि आपण मुकाट्याने आकडे खाली आणतो. पुढच्या प्रस्तावात समन्वयकाचा पूर्ण पगार प्रकल्पखर्चात मांडा. आक्षेप आला तर नियमातली व्याख्याच समोर ठेवा.

पगाराची सोय नाही म्हणून मग मिळालेल्या निधीवर टक्केवारी देऊन माणूस नेमला जातो. अमेरिकेतल्या निधी-उभारणी व्यावसायिकांच्या आचारसंहितेला हे मान्य नाही, आम्हालाही नाही. ज्याची कमाई रकमेवर ठरते तो देणगीदाराच्या आवडीप्रमाणे तुमचं काम वाकवेल.

सल्लागाराशी करार करताना आणखी एक कलम घाला: अहवाल लिहिण्याआधी त्याने तालमी पाहाव्यात, प्रयोगानंतर प्रेक्षकांशी बोलावं, ज्या वस्तीत संस्था काम करते तिथे जावं. आणि त्या दिवसांचं मानधन त्याला वेगळं द्या.