मर्यादावाढीचा अर्ज

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात गेल्या श्रावणात एकाच आठवड्यात दोन मागण्या पुढे आल्या. पहिली मागणी घरच्या कर्त्या पुरुषाची, म्हणजे अण्णांची होती. कॅश क्रेडिटची मर्यादा ४० लाखांवरून ५५ लाखांवर न्यावी, असा अर्ज त्यांनी बँकेकडे दिला होता. दुसरी मागणी तोंडी होती व ती धाकट्या चिरंजीवांनी जेवणाच्या पाटावर मांडली. रक्कम १४ हजार रुपये आणि कारण यामाहा आर. एक्स. १०० या मोटारसायकलचे इंजिन.

ही गाडी घरात १९९० साली आली. आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, ती दुकानासाठी घेतली होती. अण्णा तेव्हा पंचविशीत होते. हळदीचे नमुने पिशवीत घालून जयसिंगपूर, इचलकरंजी, कुरुंदवाड, अथणी असा फेरा ते याच गाडीवरून करीत आणि परतताना येणी वसूल करून आणीत. पुढे दूरध्वनी आला, मग मोबाईल आला, चारचाकी आली, आणि गाडी गोदामाच्या कोपऱ्यात पोत्यांच्या आडोशाला गेली. चार वर्षांपूर्वी धाकट्याने ती बाहेर काढली.

नुसती बाहेर काढून तो थांबला नाही. सिलिंडरच्या आतील वाटा घासून रुंद करून घेतल्या, हेड थोडे उतरवून दाब वाढविला आणि मूळ सायलेन्सरच्या जागी फुगीर पोटाचा एक्सपान्शन चेंबर बसविला. या साऱ्यावर आजवर ३८ हजार रुपये खर्ची पडले होते. आता राहिले होते ते श्वास घेण्याचे अंग. मूळ २० मिलिमीटरच्या मिकुनी कार्बोरेटरऐवजी २६ मिलिमीटरचा, मूळ पोलादी पात्यांच्या रीडऐवजी कार्बन फायबरच्या पात्यांचा नवा संच आणि हवेच्या पेटीऐवजी उघडा शंकूसारखा फिल्टर, अशी ती यादी होती.

"अण्णा, गाडीला दम पुरत नाही. वरच्या फेऱ्यांत गेली की बसते. इतका खर्च झालाय, आता एवढ्यासाठी अडवू नका," तो म्हणाला.

अण्णांनी होकार दिलाही असता. मुलगा व्यसनी नाही, दुकानात बसतो, जीएसटीचे काम पाहतो, एवढी एक हौस आहे असे त्यांचे मत. परंतु पानात भात घेता घेता धाकटी बहीण म्हणाली, "त्या दिवशी बाहुबलीहून येताना मागचं चाक आवळलं होतं, ते पण सांग की दादा."

पाटावर शांतता पसरली. कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेऊन भाऊबहीण परतत असताना हातकणंगल्याच्या अलीकडे इंजिन सीझ झाले होते. वेग ऐंशीच्या घरात होता. पिस्टन तापून सिलिंडरला धरला, मागचे चाक जागीच थांबले आणि गाडी आडवी घसरू लागली. धाकट्याने त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून दोघे उभे राहिले. वीस मिनिटांनी इंजिन निवले, पुन्हा सुरू झाले, आणि घरी कोणाला सांगायचे नाही असे ठरले. आईने ताट बाजूला सारले. त्या रात्री कार्बोरेटरचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नातवाला जवळ बोलावले. वय ७८, परिग्रहपरिमाण व्रत घेतलेले, वस्त्रे व पात्रे मोजून ठेवणारे हे गृहस्थ. नातवाला वाटले, आता अनर्थदंडावर प्रवचन ऐकावे लागणार. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येत निष्कारण भटकणे आणि दुसऱ्याला भटकविणे यांचाही समावेश केला आहे, हे त्याने पाठशाळेत पाठ केले होते. आप्पांनी त्यातले काही काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "दम पुरत नाही हे कशावरून ठरवलंस? मोजलंस का?"

मोजले नव्हते. वर्णने वाचली होती, मित्रांनी सांगितले होते, आणि मोठा कार्बोरेटर बसविलेल्या गाड्यांचे चलचित्र पाहिले होते.

मिरजेत एक वयस्क मिस्त्री आहेत, दोन स्ट्रोकच्या इंजिनावरच त्यांचे आयुष्य गेले. आप्पांच्या सांगण्यावरून नातू त्यांच्याकडे गेला. यादी वाचून मिस्त्रींनी ती परत दिली आणि खडूने फरशीवर दोन वर्तुळे काढली. एक २० मिलिमीटरचे, दुसरे २६ चे. व्यास सहाच मिलिमीटरने वाढतो. परंतु क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटरवरून ५३१ वर जाते, म्हणजे जवळजवळ १.७ पट होते. इंजिन हळू फिरत असताना ते जेवढी हवा ओढते तेवढीच ओढणार. तीच हवा रुंद वाटेने गेली की तिचा वेग सुमारे ५९ टक्क्यांवर उतरतो. कार्बोरेटर पेट्रोल वर खेचतो ते याच वेगाच्या जोरावर. वेग मंदावला की खालच्या फेऱ्यांत गाडी अडखळते, चौकातून निघताना गुदमरते, आणि मोठ्या तोंडाचा लाभ मिळतो तो केवळ वरच्या एका अरुंद पट्ट्यात. शर्यतीच्या मार्गावर स्वार त्या पट्ट्यातच राहू शकतो. सांगली-मिरज रस्त्यावर नाही.

या गाडीचे अंतरंगही समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते. त्या ओढीने रीडच्या पातळ पात्या उघडतात आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येऊ लागला की पात्या मिटतात व ते मिश्रण बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. जुना धूर ज्या वाटेने जातो तिच्याशी या वाटांची वेळ जुळलेली असते आणि एक्सपान्शन चेंबरचा आकारही एका ठराविक गतीला अनुसरून काढलेला असतो. म्हणून प्रवेशाचा एकच भाग वेगळा काढून 'वाढविला' असे होत नाही. सिलिंडरच्या वाटा जेवढे वाहून नेऊ शकतात त्याहून मोठे दार लावले तर दार मोठे दिसते, एवढेच. शिवाय या गाडीत दोन स्ट्रोकचे तेल वेगळ्या पंपातून येते. थ्रॉटलच्या एकाच केबलच्या दोन शाखा असतात. एक कार्बोरेटरला जाते आणि दुसरी तेलाच्या पंपाला. नव्या कार्बोरेटरचा पडदा अधिक उंच उचलावा लागत असेल तर दोघांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. तो बसविला नाही तर तेल कमी पडते आणि इंजिन पुन्हा सीझ होते. हे यादीत कोठे लिहिलेले नव्हते.

त्यानंतर मिस्त्रींनी प्लग काढून पाहिला. मिश्रण योग्य असेल तर प्लगच्या टोकाला कॉफीचा रंग येतो. हा प्लग खडूसारखा पांढरा होता. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त आणि उष्णता भरमसाट. इंजिनाला हवा पुरत नसल्याची ही खूण नव्हती. उलट कोठून तरी हिशेबाबाहेरची हवा आत येत होती.

ती शोधण्याचे मिस्त्रींचे साधन पाहून धाकट्याला हसू आले. मिरज हे इस्पितळांचे गाव. तेथे एका डॉक्टरांनी टाकून दिलेले रक्तदाबाचे यंत्र त्यांनी जपून ठेवले होते. धुराची वाट व कार्बोरेटरचे तोंड रबरी बुचांनी बंद करून त्यांनी त्या यंत्राच्या फुग्याने इंजिनात हवा भरली. काटा ३०० वर नेला. हा दाब सहा पौंडांच्या जवळपास येतो आणि दोन स्ट्रोकच्या इंजिनाची गळती पाहण्यास तेवढा पुरतो. निरोगी इंजिनात काटा काही मिनिटे जवळपास जागीच राहतो. येथे तो डोळ्यांदेखत खाली आला. साबणाचे पाणी सोडताच कार्बोरेटर आणि रीड यांच्यामधल्या रबरी जोडाच्या पोटाखाली बारीक बुडबुडे फुटू लागले. पस्तीस वर्षांचे रबर उलले होते. वरून ते नवे दिसत होते, कारण धाकट्याने त्याला काळे पॉलिश केले होते.

नवा जोड काही शे रुपयांचा.

"आणि या जोडावर मोठा कार्ब बसवला असता तर?" धाकट्याने विचारले.

"मोठं जेट टाकून तू पेट्रोल वाढवलं असतंस. महिनाभर बरं वाटलं असतं," मिस्त्री म्हणाले. "मग चीर वाढली असती."

कायद्याची बाजूही मिस्त्रींनीच काढली, आणि ती घरात कोणी पाहिली नव्हती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड मालकाला होतो, आणि नोंदणी अजून आप्पांच्या नावावर होती. बदल न कळविता उतरविलेल्या विम्याचा दावा अडकू शकतो, ही बाब तर व्यापाऱ्याच्या घरात निराळी सांगायला नको. ज्याला शर्यतीचीच हौस आहे त्याच्यासाठी बंदिस्त मार्ग आहेत. या खेळाची राष्ट्रीय संघटना स्पर्धकांना परवाना देते. रस्त्याची गाडी आणि शर्यतीची गाडी या दोन वेगळ्या वह्या आहेत; एकीची नोंद दुसरीत करू गेले की दोन्ही चुकतात.

३८ हजारांचे काय, हा प्रश्न मात्र धाकट्याला सुटेना. आधीचा खर्च वाया जाऊ नये म्हणून पुढचा करावा, ही बुद्धी मोटारसायकलवाल्यांपुरती मर्यादित नाही. अर्धवट बांधलेल्या गोदामात, बुडत्या भागीदारीत आणि लग्नाच्या खर्चातही ती तशीच काम करते. गेलेला पैसा नव्या निर्णयात मोजायचा नसतो, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकविले जाते. धाकटा स्वतः बी. कॉम. आहे.

हा वृत्तान्त त्याने रात्री दुकानात अण्णांना सांगितला. त्याच दिवशी बँकेचे अधिकारी येऊन गेले होते. अर्जाबरोबर जोडलेली येणेकऱ्यांची यादी त्यांनी वयवार लावून मागितली होती; कोणाकडून किती दिवसांचे येणे, असे सांगणारी. अण्णांनी ती मुनीमजींकडून करवून घेतली तेव्हा २६ लाखांच्या येण्यांपैकी ११ लाखांची येणी ९० दिवसांहून जुनी निघाली. एवढ्या जुन्या येण्यांवर बँक सहसा उचल देत नाही. त्यामुळे ४० लाखांची मर्यादा कागदावर असूनही प्रत्यक्षात तेवढी रक्कम उचलता येत नव्हती, आणि अण्णांना वाटत होते की मर्यादाच अपुरी पडते.

रबरी जोडाची हकिकत ऐकून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. यादीतली नावे ते पुन्हा पुन्हा वाचत होते. जयसिंगपूरचे मसालेवाले, इचलकरंजीचे दोन किरकोळ व्यापारी, कुरुंदवाडचे एक जुने गिऱ्हाईक. हीच ती गावे, जेथे ते एके काळी दर पंधरवड्याला जात. आता मोबाईलवर स्मरणपत्र जाते, त्याला हात जोडल्याचे चित्र येते, आणि पैसे येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात गाडीला नवा जोड बसला. मूळ सायलेन्सर गोदामात सापडला. तो लावून जेटही पुन्हा मूळ मापाजवळ आणावे लागले, कारण एक्सपान्शन चेंबर उतरला की इंजिनाची भूकही बदलते. सिलिंडरच्या घासलेल्या वाटा तशाच राहिल्या. त्या काही पुन्हा भरून येत नाहीत. प्लगला रंग आला. वरच्या फेऱ्यांत गाडी पूर्वीइतकी चढत नाही, अशी धाकट्याची तक्रार आहे आणि ती खरीही आहे. २६ मिलिमीटरच्या कार्बोरेटरची मागणी त्याने नोंदविलेली नाही, रद्दही केलेली नाही. शर्यतीच्या परवान्याची चौकशी करून मग पाहू, असे तो म्हणतो. आईने त्यावर अजून मत दिलेले नाही.

अण्णांनी बँकेला पत्र देऊन अर्ज दोन महिने स्थगित ठेवण्यास सांगितले. दशलक्षण पर्व उलटल्यावरच्या पहिल्या सोमवारी ते यादीची घडी खिशात घालून दुकानाबाहेर आले. धाकटा चारचाकीची किल्ली घेऊन उभा होता.

"ती नको," अण्णा म्हणाले. "कुरुंदवाडच्या पेठेत ती लावायला जागा मिळत नाही. हीच काढ. आणि अंकलीच्या पुलापर्यंत मी चालवतो, मग तू घे."

आप्पांनी ओट्यावरूनच विचारले, "हेल्मेट दोन आहेत का?"

एकच होते. धाकटा दुसरे आणायला आत गेला.