‘किती चालली?’ नंतर, आधी ‘का विकली?’ विचारा

‘पिकअप देणे आहे. २०२४ची, फर्स्ट ओनर, फक्त १८ हजार चाललेली, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल.’ तालुक्याच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मेसेज आठवड्यातून एकदा तरी पडतोच. खाली लगेच प्रश्नांची रांग लागते. फायनल किती? टायर कसे आहेत? लोन होईल का? फोटो टाक ना भावा! या सगळ्या गर्दीत एक प्रश्न मात्र कुणाला सुचत नाही. गाडी एवढी नवी आहे, तर मग विकतोय कशाला?

जवळपास नवी पिकअप घेण्याला माझा अजिबात विरोध नाही. उलट पहिला धंदा उभा करणाऱ्या पोरा-पोरींनी शोरूमच्या आधी हाच पर्याय बघावा, असं माझं मत आहे. शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात घेऊन फोटो निघतो, रील होतं, पेढे वाटले जातात. त्या हौसेची किंमत पहिल्याच वर्षी कळते. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, तो सहा महिन्यांनंतर १५ टक्के आणि एक वर्षानंतर २० टक्के असतो. तो फटका पहिल्या मालकाने खाल्लेला असतो, फायदा तुम्हाला मिळतो. इथपर्यंत हिशोब सरळ आहे. गोची पुढे आहे.

आधी पिकअपच का, ते बघू. २००५ मध्ये टाटाचा ‘छोटा हाथी’ आला, तेव्हापासून ‘स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा’ हे स्वप्न गावागावांत पोचलं. आताच्या पोरांना त्याच्या पुढचं हवंय. आठवड्याला माल वाहील, फूड ट्रॉली किंवा जनरेटर ओढेल आणि रोजच्या जाण्यायेण्यालाही चालेल अशी एकच गाडी. टर्बो डिझेलमुळे ते शक्यही झालंय. टर्बोचं काम सोपं आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते, ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते, जास्त हवेत जास्त डिझेल जळतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. इसुझू व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन १६३ पीएस ताकद आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. टोयोटा हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटरपर्यंत जातं. बोलेरो पिकअप, योद्धा या तर आपल्या बाजार समित्यांच्या दारातल्या रोजच्या गाड्या.

आता गणित. समजा नवी गाडी ११ लाखांची आहे आणि वर्षभर वापरलेली तशीच गाडी सव्वानऊ लाखांना मिळतेय. हातात ३ लाख आहेत. नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता येतो साधारण १७,४०० रुपये. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं आणि मुदत बहुतेक वेळा कमी मिळते. सव्वासहा लाख १५ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता किती? तोच, १७,४००! म्हणजे दर महिन्याला खिशावरचा भार तसूभरही हलका होत नाही. बचत होते ती शेवटचे बारा हप्ते वाचतात म्हणून, जवळपास दोन लाख रुपयांची. पण ती मिळायची तर आधीचे ४८ हप्ते भरता आले पाहिजेत. ‘जुनी घेतोय, आपल्याला झेपेल’ हा समज इथेच फसतो.

आणि आपल्या विक्रेत्याची गाडी तिथेच अडलेली असू शकते. वर्षा-दीड वर्षात पिकअप विकणारे सगळे काही ‘अपग्रेड’ करत नसतात. द्राक्षाचा, आंब्याचा, टोमॅटोचा सीझन असतो तेव्हा गाडीला दिवसरात्र काम असतं. पावसाळ्यात तीच गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी. सीझन मालाला असतो, हप्त्याला नसतो. तीन हप्ते थकले की फोन सुरू होतात आणि मग दुसऱ्यांचं ओझं ओढायला घेतलेली गाडी एक दिवस फायनान्सवालेच ओढून नेतात. त्याआधी चार पैसे हाती लागावेत म्हणून ‘अर्जंट सेल’चा मेसेज पडतो. शोरूम कंडिशनमधली ती पिकअप म्हणजे बऱ्याचदा आपल्याच वयाच्या कुणाचं तरी अर्ध्यात सुटलेलं गणित असतं. तेच गणित, त्याच तालुक्यात, तेच भाडं धरून आपण पुन्हा मांडणार असू, तर उत्तर वेगळं कसं येईल?

म्हणून एजंटला बाजूला ठेवून पहिल्या मालकाला भेटा. चहा पाजा. महिन्याला किती दिवस काम मिळायचं, भाडं काय मिळायचं, पैसे किती दिवसांनी हातात यायचे, डिझेल आणि ड्रायव्हर जाऊन काय उरायचं, हे विचारा. माणूस अडचणीत असला तरी बहुतेक वेळा खरं सांगतो, कारण असं विचारणारं त्याला कुणी भेटलेलंच नसतं. तो म्हणाला की महिन्यातून दहाच दिवस काम मिळायचं, तर गाडी कितीही चकाचक असो, तुमचे उरलेले वीस दिवस कोण भरणार ते आधी ठरवा. हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग धरून महिन्याला २५ हजारांचा खर्च मानला, तर दहा दिवसांच्या कामात रोजचे अडीच हजार गाडीच खाते. डिझेल आणि तुमची मजुरी त्याच्या वर. ओढायचं काम वर्षातून चार जत्रा आणि दोन लग्नांपुरतंच असेल, तर सरळ भाड्याने गाडी सांगा. त्यात कमीपणा कसला?

विकण्याचं दुसरं कारण गाडीत दडलेलं असतं. १८ हजार किलोमीटर चाललेली पिकअप ५० हजार चाललेलीपेक्षा जास्त दमलेली असू शकते. हायवेवर रिकामी पळालेली गाडी आणि वाळू भरून घाट चढलेली गाडी, दोघींचं मीटर सारखंच फिरतं. तेव्हा मीटर बघून झालं की खाली वाका. मागच्या पाट्यांमध्ये जादा पाटा टाकलाय का? टाकला असेल तर गाडी तिच्या कुवतीबाहेर भरली जात होती. ट्रॉलीचा हुक चासीला नट-बोल्टने नीट बसवलाय की कुठल्यातरी पत्र्याला वेल्डिंग मारलंय? मागचे टायर एकाच बाजूने झिजलेत का? चढावर गाडी सोडताना क्लच जळका वास देतो का?

टर्बोची तपासणी थंड इंजिनावरच करायची. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जळतंय. रेस वाढवल्यावर सायरनसारखी शिटी येत असेल किंवा इंटरकूलरच्या पाइपांच्या जोडांवर तेलाचा थर साचला असेल, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. टर्बोची चक्की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिचा सगळा जीव ऑइलवर असतो. त्यामुळे ऑइल कधी बदललं, याची सर्व्हिस सेंटरची नोंद हवीच. इंजिन ‘रिमॅप’ करून पॉवर वाढवली असल्याचं विक्रेता कौतुकाने सांगेल. ते कौतुक तुम्ही भाव पाडायला वापरा. बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर तो पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागलेला नाही ना, बघा. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची कधीच घेऊ नका. रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. हौद्यात माल भरा, जवळच्या घाटात न्या, चढावर ती दम टाकते का आणि उतारावर ब्रेक कसे लागतात ते बघा.

‘रोजच्या वापराला पण होईल’ या वाक्यावरही जरा थांबू. हायलक्स ५.३ मीटरहून लांब आहे. पुण्याच्या जुन्या पेठेत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी करताना रोज त्या लांबीची आठवण येईल. साध्या पिकअपचे मागचे पाटे वजनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत खड्ड्यागणिक कंबर मोजली जाते. पावसात मागची हलकी बाजू घसरते. सिंगल केबिनमध्ये ड्रायव्हर सोडून एक-दोन माणसं बसतात. आई-बाबांना, बहिणीला लग्नाला नेताना ‘मागे हौद्यात बसा’ म्हणणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण वेगळंच. घरच्यांसाठी गाडी लागणारच असेल, तर डबल केबिन बघा किंवा ‘ही फक्त कामाची’ असं घरात आधीच स्पष्ट सांगा.

ट्रॉली ओढायची तर आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा ‘मोटार वाहन’ आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. गावातल्या वर्कशॉपमधून बनवून आणलेली फूड ट्रॉली हुकाला अडकवली आणि निघालो, असं चालत नाही. वजनाचा तोलही सांभाळावा लागतो. ट्रॉलीच्या एकूण वजनातलं साधारण दहा टक्के वजन हुकावर यावं. सगळं वजन मागे टाकलं तर ट्रॉली साप वळवळावा तशी वळवळते. उतारावर ती मागून ढकलते, तेव्हा खालचा गिअर हाच खरा मित्र. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला वर २ हजार. चार फेऱ्यांची कमाई एका पावतीत जाते.

कागदांचं तर विचारूच नका, म्हणजे खरं तर विचाराच! व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस करावं लागतं. पावणेदोन वर्षांची गाडी विकायला आली असेल, तर पहिलं फिटनेस तोंडावर आलंय, तो खर्च भावात धरा. परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि चलनं बघा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी नावावर करा, चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

लायसन्सची अडचण मात्र बरीचशी सुटली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येईल, असा निकाल दिला. दार उघडलं, ही चांगलीच गोष्ट. पण दार उघडलं की गर्दीही वाढते आणि गर्दी वाढली की भाडं पडतं, हेही गणितात धरायला हवं.

भाव करताना शेवटचा एक मुद्दा, जो विक्रेता स्वतःहून कधीच काढणार नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी करासकट १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ रुपयांवर आली. त्याआधी घेतलेल्या गाडीचं बिल दाखवून कुणी ‘एवढ्याला घेतली, एवढ्याला देतो’ म्हणत असेल, तर त्याच्या बिलाकडे बघू नका. आज शोरूममध्ये तीच गाडी कितीला मिळते ते विचारा आणि तिथून खाली मोजा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं तपासत बसलो तर गाडी दुसराच घेऊन जाईल. जाऊ दे की! पिकअप काही देवगडचा हापूस नाही, सीझन संपला म्हणून संपायला. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर नवा मेसेज पडेलच. आपल्याकडे पोरगा काही करत नाही म्हणून बोलणारे खूप असतात, त्यामुळे दारात काहीतरी उभं करायची घाई आपल्यालाच झालेली असते. पण वडिलांनी जमिनीवर उचललेले पैसे, आईने मोडलेली एफडी यातून ते तीन लाख आलेले असतात. त्यांच्याशी इमान राखायचं, तर आधीच्या मालकाला जे उत्तर सापडलं नाही ते आपल्याकडे आहे का, हे गाडी घेण्याआधी वहीत लिहून काढा. उत्तर असेल तर ती जवळपास नवी पिकअप खुशाल घ्या, हार घाला, नारळ फोडा. मोठ्या किल्लीचा फोटो नसला तरी चालेल, शेवटच्या हप्त्याच्या पावतीचा फोटो टाका. त्याला खरे लाइक्स मिळतील.