पास्ता, इन्सुलिन आणि आपला पथ्यविचार

मधुमेही रुग्णाने काय खाऊ नये, याची यादी आपल्यापैकी प्रत्येकास मुखोद्गत असते. साखर, गूळ, मैदा, बटाटा आणि अलीकडे त्यात पास्त्याची भर पडली आहे. टाइप २ च्या स्थूल रुग्णास ही यादी पुष्कळ अंशी उपयोगी पडते. टाइप १ मधुमेह असलेल्या शाळकरी मुलाच्या हाती मात्र तीच यादी ठेवून मोकळे होणे अपुरे आणि प्रसंगी घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुतांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले. चरकांनी स्थूल व कृश प्रमेहींची चिकित्सा भिन्न मानली. हा विवेक आपण विसरता कामा नये. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातील बीटा पेशी शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीने नष्ट झालेल्या असतात. पथ्य कितीही कडक असले तरी इन्सुलिनवाचून हा रुग्ण जगू शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या मुलास प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडेफार लांबवणे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते.

म्हणूनच ‘पास्ता खाऊ का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्रा आणि काल यांच्या भाषेत द्यावयास हवे. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. शिजल्यावर पाणी शोषून वजन दुपटीहून अधिक होते, त्यामुळे १०० ग्रॅम शिजलेल्या पास्त्यात ती २५ ते ३० ग्रॅम भरतात. वजन कच्चे की शिजलेले, एवढ्या घोटाळ्याने इन्सुलिनची मात्रा दुपटीहून अधिक चुकू शकते.

दुसरा मुद्दा पचनकालाचा. ड्युरम गव्हाच्या रव्याच्या पास्त्यात पिष्ट प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते, म्हणून ते सावकाश पचते. फार मऊ शिजवल्यास शर्करा लवकर चढते. वर चीज व लोणी पडले की जठर उशिरा रिकामे होते आणि रक्तशर्करा तीन ते पाच तासांनी वाढलेली आढळते. शीघ्र इन्सुलिनचा जोर मात्र पहिल्या एक-दोन तासांत असतो. परिणामी आधी शर्करा घसरते व मध्यरात्री चढते. मात्रा विभागून घ्यावी काय, हे रुग्णाचे मधुमेहतज्ज्ञच ठरवतील. आपण भाज्या व डाळ किंवा पनीर आधी खाण्यास, पास्ता मोजून घेण्यास आणि जेवणानंतर दोन व चार तासांनी रक्तशर्करा तपासण्यास सांगावे. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे घरच्यांना शिकवावे.

औषधालयांच्या चालकांसही विनंती आहे. अवलेह व आसवारिष्टे यांतील साखर-गूळ कर्बोदकांच्या हिशेबात धरावा लागतो, हे ग्राहकास सांगावे. गुडमार, मेथी, कारले यांचे योग इन्सुलिनसोबत देताना शर्करा घसरण्याची शक्यता सांगून तपासणीचा आग्रह धरावा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे, याचे स्मरण ठेवावे.

‘आमचे औषध घ्या, सुई बंद करा’ हे वाक्य टाइप १ च्या रुग्णापुढे कोणत्याही वैद्याने उच्चारू नये. इन्सुलिन बंद होताच काही दिवसांतच, कधी काही तासांतच, रक्तात कीटोन साचून प्राणावर बेतते. त्या मुलाने वाढदिवसाला मित्रांसमवेत मोजून पास्ता खावा, वेळेवर इन्सुलिन घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जावे. आपल्या पथ्यविचाराची कसोटी यातच आहे.