पालकांस कळूं द्यावें

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. पालकाचें कर्तव्य तेव्हांच ठरलें, शाळेचें काय? परीक्षेचे गुण घरीं कळतात; परंतु सहावी-सातवींतलें आपलें मूल काय शिकत आहे, हें पुष्कळांस कळत नाहीं. वर्गांत पर्जन्याचा धडा चालला आहे, हें गगनबावड्याच्या मुसळधार पावसांत भाताची लावणी करणाऱ्या बापास कळलें, तर तो त्यांत स्वानुभवाची भर घालील. यास्तव शाळेनें दरमहा धड्यांची चिठ्ठी सोप्या मराठींत घरीं धाडावी. विद्यार्थ्यांनो, ती आईबापांस तुम्हीं समजावून द्यावी. जें दुसऱ्यास सांगतां येतें, तेंच खरें शिकलेलें!