सांदवाडीचे अर्थशास्त्र

भंडारा जिल्ह्याचा हिशेब नेहमी धानाच्या क्विंटलांत मांडला जातो. आधारभूत किंमत, बोनस, खरेदी केंद्रांवरील बारदान्याची टंचाई यांच्या वार्ता दर हिवाळ्यात वृत्तपत्रांचे स्तंभ व्यापतात; आणि ते साहजिकही आहे, कारण येथील असंख्य कुटुंबांचा वर्षाचा जमाखर्च त्या एकाच पिकावर ठरतो. परंतु तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यासारख्या गावी घराच्या मागील दारी उत्पादनाचा आणखी एक व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याची नोंद कोणत्याही खरेदी केंद्रावर झाली नाही, आणि तो आटत चालला असता कोणी तहसीलदारास निवेदनही दिले नाही. हा व्यवहार म्हणजे सांदवाडी. पेरू, ज्याला इकडे जांब म्हणतात तो, सीताफळ, लिंबू, शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि कोपऱ्यात आपोआप उगवलेली पपई, एवढाच तिचा सरंजाम असे.

तुमसर-बपेरा मार्गावरील सिहोरा हे आता केवळ शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. चांदपूर जलाशयाच्या परिसरातील खेड्यांची ही बाजारपेठ आहे. शाळा, बँक, कार्यालये यांच्या निमित्ताने पगारदार वर्गही अशा गावी वस्तीस येतो. या वर्गाचे घर भूखंडावर उभे राहते, वाड्यात नव्हे. चाळीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब भूखंडावर घर बांधल्यानंतर सभोवार सातआठशे चौरस फूट जागा उरली तर ती पुष्कळच म्हणावयाची. पावसाळ्यात चिखल नको, साप-विंचवांचे भय नको, म्हणून तिच्यावर फरशी अंथरली जाते. या निर्णयास मूर्खपणाचा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो घेताना जे गमावले त्याची किंमत कोणी काढलेली नसते.

ती काढावयाची तर प्रथम एक रूढ समज दूर सारावा लागतो. एवढ्याशा जागेत फळबाग ती काय होणार, असे सर्रास म्हटले जाते. फळबागेच्या जुन्या शिफारशीप्रमाणे आंब्याच्या दोन झाडांत दहा मीटर अंतर हवे. म्हणजे एक झाड साधारण एक गुंठा, १०८९ चौरस फूट, अडविते. या मापाने भूखंडात एकही आंबा बसत नाही हे खरे. परंतु हे माप बाजारासाठी माल काढणाऱ्याचे आहे. घरच्यासाठी झाड लावणाऱ्यास फळांचा ढीग नको असतो, वर्षभर थोडेथोडे फळ हवे असते. दरवर्षी छाटून माणसाच्या आवाक्यात ठेवलेली, आठनऊ फुटांच्या अंतराने लावलेली दहा झाडे तेवढ्याच जागेत राहू शकतात. मात्र ती दहा जातींची असावीत, एका जातीची नव्हेत.

वर्गात शिकविला जाणारा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे अंगणात उतरतो. एका जातीची दहा झाडे असली की सर्वांची फळे एकाच पंधरवड्यात पिकतात. पहिल्या टोपलीचे मोल मोठे, पाचवी शेजारी जाते आणि दहावी उकिरड्यावर. उलट दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळ, त्यानंतर थंडीत आवळा व पेरू, संक्रांतीच्या आसपास बोर, उन्हाळ्याच्या तोंडाशी तुती आणि रामफळ, मग आंबा, मृगाच्या आसपास जांभूळ, आणि लिंबू, केळ, पपई अधूनमधून केव्हाही, अशी योजना असेल तर प्रत्येक फळ त्या घरात पहिल्या टोपलीच्याच मोलाचे ठरते. एका झाडास रोग पडला तरी उरलेली नऊ राहतात. धानावर सर्वस्व लावणाऱ्या प्रदेशाला या तत्त्वाची महती वेगळी सांगावयास नको.

पोषणाच्या बाजूनेही हा हिशेब उद्बोधक आहे. आजाऱ्याच्या भेटीस जाताना सफरचंद नेण्याचा रिवाज खेडोपाडी पोहोचला आहे. काश्मीर, हिमाचलातून येणाऱ्या या फळाच्या किमतीत मालमोटारीचे भाडे, शीतगृह, दलाली, नासाडी हे सारे समाविष्ट असते. क जीवनसत्त्व मात्र शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर सफरचंदात पाचाच्या आतबाहेर! प्रतिष्ठेची किंमत कोण किती देतो याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. राष्ट्रीय नमुना पाहणीतही घरच्या उत्पन्नाच्या उपभोगाला शेतावरील भावाने मोल लावण्याची प्रथा आहे, किरकोळ बाजारभावाने नव्हे. शेत आणि हातगाडी यांच्या भावांतील अंतर फळांच्या बाबतीत मोठे असते. म्हणून परसातील पेरूची बचत कागदावर आहे त्याहून लहान दिसते.

शासनाने फळझाडांची उपेक्षा केली असे कोणी म्हणू शकणार नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालून महाराष्ट्राने जे साधले ते देशात अपूर्व होते. कोरडवाहू जमिनीवर बोर, आवळा, सीताफळ, डाळिंब, आंबा यांच्या क्षेत्रात लाखो हेक्टरांची भर पडली. तथापि या योजनांची भाषा हेक्टरांची आहे. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणाबाहेर किमान ०.२० हेक्टर, म्हणजे वीस गुंठे, क्षेत्राची अट आहे. शिवाय सातबारा हवा, आणि गावठाणातील घराजवळ असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत पोषण परसबागांचा प्रसार केला ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण तेथे भर मुख्यतः भाजीपाल्यावर, म्हणजे एका हंगामात उगवून संपणाऱ्या पिकांवर आहे.

वस्तुतः थोड्या जागेचे सामर्थ्य महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह कसा व्हावा याची मांडणी केली. जमिनीच्या क्षेत्रापेक्षा पानांनी टिपलेला सूर्यप्रकाश मोजा, हे त्यांच्या विचाराचे सार होते. त्याच पद्धतीचा आधार घेऊन तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून फळझाडे व भाज्या वाढविल्या. गोदीच्या गच्चीवर जे शक्य झाले ते तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भंडाऱ्यात का होऊ नये? पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत पपई व लिंबू यांची मुळे कुजतात; पण त्यास उंच ओटा हा साधा उपाय आहे.

खरी अडचण जागेची नाही, काळाची आहे. पपई वर्षाच्या आतबाहेर फळते, कलमी पेरूला दोनतीन वर्षे लागतात, आंब्याला त्याहून अधिक. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचा कारकून हे भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांच्या डोक्यावर बदलीची टांगती तलवार असते. ज्या झाडाचे फळ उत्तराधिकारी खाणार ते लावण्याची हौस कितीजणांस असणार? घरमालकालाही भाडेकरूने लावलेले झाड पुढे अडचण ठरेल अशी धास्ती वाटते. कुळाला जमिनीची शाश्वती नसेल तर तो बांधबंदिस्ती करीत नाही, हे कूळकायद्याच्या चर्चेत शंभरदा सांगून झाले आहे. पगारदार भाडेकरूच्या अंगणास ते लागू करण्याचे मात्र कोणास सुचले नाही. परिणामी ज्या वर्गाला वाचनाने, शिक्षणाने या विषयाचे महत्त्व कळते, तोच वर्ग कुंडीतील शोभेच्या रोपावर समाधान मानतो. कुंडी निदान टेम्पोत चढविता येते!

वडिलोपार्जित घरांत दुखणे निराळे. भावाभावांत वाटणी झाली की सांदवाडीच्या मधोमध भिंत येते आणि झाड कोणाचे हा वाद कुऱ्हाडीने मिटतो. कायद्याचा धाकही विचित्र रीतीने काम करतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडे आहेत. तुमसरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा आहे. हेतू निःसंशय चांगला. पण पुढे तोडण्यास परवानगी मागावी लागेल म्हणून मुळात लावूच नये, असा व्यावहारिक निष्कर्ष पुष्कळांनी काढलेला दिसतो.

आणि माकडे! जंगलाला लागून असलेल्या या पट्ट्यात त्यांचा उल्लेख टाळून फळझाडांविषयी लिहिणे म्हणजे केवळ टेबलावरचे पांडित्य ठरेल. एक टोळी कौलांवरून उतरली की वर्षाची पपई दहा मिनिटांत संपते, आणि कौलेही फुटतात. यावर पुरता उपाय कोणापाशी नाही. तथापि लिंबू, करवंद, कठीण कवचाचे कवठ यांना त्यांचा उपद्रव तुलनेने कमी होतो. म्हणजे विविधतेचा पक्ष येथेही बळकटच होतो.

अशा स्थितीत मोठ्या अनुदानाची मागणी करण्याचे कारण नाही. मदत हेक्टरावर न मोजता झाडावर मोजावी, नमुना आठ हा पुरेसा पुरावा मानावा, आणि तालुक्याच्या रोपवाटिकांत एका जातीची शंभर कलमे घेणाऱ्याइतकाच दहा जातींचे एकेक कलम मागणारा गिऱ्हाईक समजला जावा. राहिला बदलीचा प्रश्न. शासकीय निवासस्थानाचा ताबा देताना पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा यांची यादी करून सही घेतली जाते. त्या यादीत आवारातील फळझाडांची, त्यांच्या जातीसह, एक ओळ वाढविण्यास कोणत्याही नव्या तरतुदीची आवश्यकता नाही.