मनू, बैलगाडी आणि हरवलेला कंस

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एक बैलगाडी आहे. समलिंगी संबंधांबद्दल "आपल्या धर्मात काय सांगितलंय" हा वाद जिथे जिथे पेटतो, तिथे ही बैलगाडी आज ना उद्या येतेच. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलू.

श्लोक ११.१७५ (आवृत्तीप्रमाणे आकडा एखाद्याने मागेपुढे होतो). विषय प्रायश्चित्ताचा. द्विजाने, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या पुरुषाने, कोणाशी, कुठे आणि कधी संग केला तर काय करावं हे त्यात सांगितलंय. यादीत येतात पुरुष, स्त्री, बैलगाडी, पाणी आणि दिवसाची वेळ. प्रायश्चित्त काय? अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. बस्स, एवढंच.

आता गंमत बघा. संस्कृतात "पुरुषाशी किंवा स्त्रीशी" हे आधी येतं आणि मग बैलगाडीत, पाण्यात, दिवसा. ह्या तीन अटी नक्की कोणाला लागू? गेओर्ग ब्यूलरचं १८८६ सालचं इंग्रजी भाषांतर म्हणतं, फक्त स्त्रीला. म्हणजे पुरुषाशी संग कुठेही, कधीही झाला तरी आंघोळ, आणि स्त्रीशी झाला तर बैलगाडी-पाणी-दिवस असेल तरच. वेंडी डॉनिगर आणि ब्रायन स्मिथ यांचं १९९१ सालचं पेंग्विनचं भाषांतर वाचलं तर अटी दोघांनाही लागतात असा अर्थ निघू शकतो. मग रात्री, घरात, कोरड्या जमिनीवर काय चाललंय याच्याशी ह्या श्लोकाला काही देणंघेणंच उरत नाही!

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. 'ऑर' आणि 'अँड' एकाच ओळीत लिहिलेत आणि कंस टाकायचा राहिलाय. अशी ओळ कोड रिव्ह्यूला आली तर आपण लिहिणाऱ्याला जाऊन विचारतो, बाबा रे, तुला नक्की काय म्हणायचं होतं? इथे लिहिणारा उपलब्ध नाही. कंपनी सोडून दोन हजार वर्षं होत आली.

त्याच्या आधीचा श्लोक, ११.१७४, त्याहून भारी आहे. त्यात 'पुरुष' असा शब्द आहे आणि पुढचा शब्द 'उ'ने सुरू होतो. दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांना संधीचे नियम अंधुक आठवत असतील: पुढे 'उ' आला की 'पुरुषः'मधला विसर्ग जातो आणि सप्तमीच्या 'पुरुषे'मधला एकारही जातो. दोन्हींचं शेवटी 'पुरुष' एवढंच उरतं. म्हणजे हा शब्द "जो पुरुष असं करेल" असा कर्ता असू शकतो, किंवा "पुरुषाच्या ठिकाणी" असाही असू शकतो. ब्यूलरने पहिला अर्थ घेतला, डॉनिगरने दुसरा. पहिला घेतला तर ह्या श्लोकात समलिंगी संबंधांचं नावही नाही. दुसरा घेतला तर ते थेट जनावरांशी केलेल्या संगाच्या शेजारी येऊन बसतात आणि प्रायश्चित्त होतं सांतपन कृच्छ्र: एक दिवस पंचगव्य आणि दर्भाचं पाणी, आणि एक दिवस उपास. सगळा फरक एका गळालेल्या स्वराचा.

हा ब्यूलर तसा आपल्या मुंबईचाच म्हणायला हरकत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात तो प्राध्यापक होता, आणि संस्कृतात त्याचा हात धरणारे कमी होते. पण बैलगाडीच्या श्लोकात त्याने एक करामत केली आहे. मूळात 'मैथुन' हा एकच शब्द आहे, पुरुषासाठीही तोच आणि स्त्रीसाठीही तोच. भाषांतरात मात्र स्त्रीशी होतो तो साधा संग आणि पुरुषाशी होतो तो 'अनैसर्गिक गुन्हा'. 'अनैसर्गिक' असा शब्द त्या श्लोकात नाही आणि 'गुन्हा'ही नाही. ही त्या काळच्या इंग्रजी कायद्याची भाषा. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३७७ ज्या मथळ्याखाली होतं तो मथळा हाच. म्हणजे इंग्रजीतून मनू वाचणाऱ्या पिढ्यांनी मनूच्या तोंडून थोडा मेकॉलेच ऐकला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. बायबलच्या नव्या करारात, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, एक ग्रीक शब्द आहे ज्याच्या अर्थावर अभ्यासक आजही भांडतात. १९४६ साली एका इंग्रजी आवृत्तीत त्या जागी 'होमोसेक्शुअल' हा एकोणिसाव्या शतकात तयार झालेला शब्द बसवला गेला. १९७१ च्या सुधारित आवृत्तीत तो बदलला. मधल्या पंचवीस वर्षांत तो ऐकून ज्यांना घराबाहेर काढलं गेलं असेल त्यांच्यासाठी शुद्धिपत्र कोण काढणार?

इथवर वाचून काही मंडळी खूष झाली असतील. बघा, आपली संस्कृती किती उदार, सगळं बिघडवलं ते इंग्रजांनी! थांबा जरा. मला हा युक्तिवादही पटत नाही. तो अर्धा खरा आहे, आणि वादात अर्ध्या खऱ्या गोष्टींनी जास्त घोटाळा होतो.

त्याच अकराव्या अध्यायात थोडं मागे जा, श्लोक ६८. जातिभ्रंश, म्हणजे जात घालवणाऱ्या कृत्यांची यादी. तिच्यात पुरुषाशी मैथुन स्पष्ट आहे. तिथे संधीचा गोंधळ नाही आणि बैलगाडीही नाही. म्हणजे एकाच अध्यायात एकाच गोष्टीला एकदा जात जाते आणि एकदा आंघोळीवर भागतं. एकाच इनपुटला दोन वेगळी आउटपुटं. आठव्या अध्यायात तर (३६९-३७०) कुमारिकेला 'दूषित' करणाऱ्या मुलीला दोनशे पण दंड, वर शुल्क आणि फटके. आणि तेच प्रौढ स्त्रीने केलं तर मुंडण किंवा दोन बोटं कापणं, आणि गाढवावरून धिंड. यावर उदार वाचन करणाऱ्यांचं म्हणणं असं, की इथे चिंता स्त्री-स्त्री संबंधांची नसून कुमारिकेच्या कौमार्याची आहे, कारण दोनच श्लोक आधी, कुमारिकेवर जबरदस्तीने हेच करणाऱ्या पुरुषाचीही दोन बोटं कापायला सांगितली आहेत. हे म्हणणं मला पटतं. दोन प्रौढ स्त्रियांबद्दल तिथे अक्षर नाही, हेही खरं. पण आंघोळीचा श्लोक फेसबुकवर टाकायचा आणि बोटांचा श्लोक गिळून टाकायचा, हा उद्योग बरा नाही. समोरच्याकडेही पुस्तक असतं.

कौटिल्याचं काय? त्याच्याकडे पुरुष-पुरुष संबंधाला पूर्वसाहसदंड आहे, म्हणजे ४८ ते ९६ पण. पण तोच दंड, अगदी त्याच दमात, स्त्रीशी योनीबाह्य संग करणाऱ्यालाही आहे. याच्यासमोर कलम ३७७ ठेवा: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. हा फरक इंग्रजांनी आणला, यात शंका नाही. नापसंती मात्र आयात केलेली नव्हती. ती घरचीच होती, फक्त स्वस्त होती.

हे सगळं मी खणत बसलो त्याला कारण झालं एका मित्राचं. कॉलेजपासूनचा मित्र, ठाण्याला असतो, जोडीदारासोबत राहून सहा वर्षं झाली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने ३७७ चा दात काढला, तेव्हा त्याला वाटलं की आता घरी सांगता येईल. सांगितलं. वडील (काका बँकेतून निवृत्त, रविवारी गीतेच्या वर्गाला जाणारे, माणूस अत्यंत सरळ) एवढंच म्हणाले, "कोर्टाचं कोर्टापाशी. आपल्या धर्मात हे कुठे बसतं ते मला दाखव." आणि गेली कित्येक वर्षं बोलणं त्या वाक्यावर अडकलेलं. गेल्या दिवाळीच्या आधी मित्राचा फोन आला: "मला निकाल नकोत रे, ते पाठ झालेत. मला श्लोक दे."

मी दिले. सोयीचे आणि गैरसोयीचे, दोन्ही. तो आधी चिडला ("तू कोणाच्या बाजूने आहेस?"), पण गैरसोयीचाच श्लोक कामाला आला. काकांनी जातिभ्रंशाच्या यादीवर बोट ठेवलं, तेव्हा ह्याने त्यांना ती यादी पूर्ण वाचायला सांगितली. तिच्यात ब्राह्मणाला इजा करणं आहे, कुटिलपणा आहे, आणि मद्याचा वास घेणं आहे. पिणं नव्हे हो, नुसता वास! काका शनिवारी संध्याकाळी एक पेग घेतात. मोजून एक. कुटिलपणाचं म्हणाल तर अप्रेझलच्या महिन्यात आमच्या अख्ख्या मजल्यावर जात शिल्लक राहणार नाही.

काका हसले म्हणे. मत बदललं नाही, पण हसले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर परवानगी मागायला मनूकडे जाणंच मला खटकतं. महाराष्ट्रातल्या माणसाला तर जास्तच खटकायला हवं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं गेलं ते त्यात बैलगाडी आहे म्हणून नव्हे. आंघोळीचा तो श्लोकसुद्धा 'द्विजा'साठी आहे. बाकीच्यांनी काय करावं याची त्याला पर्वाच नाही. "मनूसुद्धा आमच्या बाजूने आहे" असं अभिमानाने म्हणणाऱ्या माझ्या समलिंगी मित्रांना मी हे नेहमी सांगतो: ज्या माणसाच्या सहीचं प्रमाणपत्र तुम्ही मिरवताय, त्याने तुमच्यातल्याच निम्म्यांना दारातही उभं केलं नसतं. पण मग श्लोक दिलेच का? कारण काकांच्या मनात जी खात्री होती ती वाचनातून आलेली नव्हती. त्यांनी अकरावा अध्याय कधी उघडलाच नव्हता. "धर्मात नाही" ह्या वाक्याला पुरावा लागत नाही असं आपण सगळेच धरून चालतो. तो मागितला की वाक्याचा आवाज जरा खाली येतो. श्लोकांचा उपयोग माझ्या मते तेवढाच, आणि तो काही कमी नाही.

बरं, हा खेळ दोन्हीकडून चालतो याचं ताजं उदाहरण तर मोठंच आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी ऑर्गनायझर आणि पाञ्चजन्यला दिलेल्या मुलाखतीत अशा लोकांनाही समाजात जागा असली पाहिजे असं म्हटलं, आणि दाखला दिला तो जरासंधाच्या दोन सेनापतींचा, हंस आणि डिंभक यांचा. कथा सभापर्वात आहे. हंस नावाचा दुसराच एक राजा लढाईत मरतो, कोणीतरी "हंस मेला" म्हणतं, ते ऐकून डिंभक हंसावाचून जगणं नको म्हणून यमुनेत उडी घेतो, आणि ते कळल्यावर हंसही तेच करतो. त्यांचं नातं काय होतं हे तिथे सांगितलेलं नाही. विरोधकांनी लगेच हरिवंश काढला: अहो, ते तर सख्खे भाऊ! खरंय, प्रचलित हरिवंशात ते भाऊच आहेत. पण आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून हरिवंशाची जी चिकित्सक आवृत्ती काढली तिच्या मूळ संहितेत ११८ अध्याय आहेत, प्रचलित प्रतीत तीनशेच्या वर, आणि हंस-डिंभकाचं ते लांबलचक आख्यान मूळ संहितेत नाही, ते परिशिष्टात गेलंय. म्हणजे 'भाऊ' हा नंतरचा पॅच आहे. अर्थात म्हणून 'प्रियकर' सिद्ध होतं असंही नाही. महाभारत तिथे गप्प आहे, आणि त्या गप्प जागेत ज्याला जे हवं ते ऐकू येतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये संघाचेच सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की हिंदू जीवनात विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांमध्येच होऊ शकतो. जागा आहे पण मांडव नाही, असं काहीसं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही लग्नाच्या हक्काला नाही म्हटलं आणि विषय संसदेकडे टोलवला. तिथे तो अजून आहे. १ जुलै २०२४ पासून जुनं दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही.

माझ्या मित्राचं ह्या सगळ्यातलं गणित बरंच छोटं आहे. उद्या दवाखान्यात फॉर्मवर 'नातं' ह्या रकान्यात काय लिहायचं, फ्लॅट एकाच्या नावावर आहे त्याचं पुढे काय, खात्यावर नॉमिनी कोण. ह्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने देऊन टाकलं: समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. मित्राने त्या कागदाची प्रिंट घरी टेबलावर ठेवली होती. काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. चौतीस वर्षं बँकेत गेलेली, श्लोकापेक्षा सर्क्युलर वाचायची सवय जुनी. मग म्हणाले, "फॉर्म भरताना नाव आधार कार्डावर आहे तसंच घाल, नाहीतर परत पाठवतात."